फीत नदीत, पदक माळ्यावर

१९३० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेमॉयर्स ऑफ अ‍ॅन इन्फन्ट्री ऑफिसर’ या पुस्तकात एक छोटा प्रसंग आहे. पहिले महायुद्ध चालू आहे. जॉर्ज शर्स्टन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने युद्ध लांबवण्याविरुद्ध लेखी निवेदन दिले आहे आणि पुढे काय होणार याची तो वाट पाहतो आहे. लिव्हरपूलजवळच्या फॉर्मबीच्या किनाऱ्यावर तो जातो, डगल्यावरची मिलिटरी क्रॉसची फीत उपटतो आणि मर्सी नदीच्या मुखाशी पाण्यात फेकतो. शर्स्टन हे नाव लटके आहे. तो म्हणजे खुद्द लेखक, कवी सीगफ्रीड ससून.

ही गोष्ट तोंडोतोंडी झाली तेव्हा फितीचे पदक झाले. ‘ससूनने आपले शौर्यपदक नदीत फेकले’ असे कितीतरी लेखांत सापडते. मग २००७ साली ते पदक स्कॉटलंडमधल्या मल बेटावर, त्याच्या कुटुंबाच्या घरात, माळ्यावर मिळाले. म्हणजे पुस्तकाने फीत म्हटले ते खरेच होते. खोटी पडली ती आख्यायिका. पण त्या शोधातून दुसरा प्रश्न निघतो, आणि मला त्यात जास्त रस आहे. ससून मल बेटावर राहत नव्हता. तिथे राहत होती त्याच्यापासून वेगळी झालेली पत्नी हेस्टर, आणि तिच्यानंतर मुलगा जॉर्ज. सैनिकाने जगासमोर काय फेकले याची नोंद पुस्तकात आहे. घरात काय उरले, आणि ते कोणाच्या वाट्याला आले, याची नोंद शोधावी लागते.

ससून हे आडनाव मराठी वाचकाला परके नाही. मुंबईचा ससून डॉक, पुण्याचे ससून रुग्णालय, पुणेकर ज्याला लाल देऊळ म्हणतात ते ओहेल डेव्हिड सिनेगॉग आणि त्याच्या आवारातली डेव्हिड ससून यांची कबर. सीगफ्रीड हा त्या डेव्हिड ससून यांचा पणतू. त्याचे वडील आल्फ्रेड यांनी ज्यू धर्माबाहेर, थेरेसा थॉर्निक्रॉफ्ट हिच्याशी लग्न केले म्हणून घराण्याने त्यांना तोडले. आईने जिवंत मुलाचे सुतक पाळले अशी घरातली परंपरा सांगते. ती परंपराच आहे, कागद नव्हे. सीगफ्रीड १८८६ साली केंटमध्ये जन्मला, इंग्रजी जहागिरदारी वातावरणात वाढला, आणि १९१५ साली रॉयल वेल्च फ्यूझिलियर्स या पलटणीत सेकंड लेफ्टनंट झाला.

पुराव्याची प्रतवारी आधी लावून घेऊ. सर्वांत वर त्याच्या दैनंदिन्या. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००९ साली त्याचे कागद विकत घेतले आणि २०१४ साली युद्धकाळातल्या वह्या सर्वांना पाहायला खुल्या केल्या. काही पानांवर खंदकातला चिखल आणि मेणबत्तीचे डाग आहेत. त्यानंतर सरकारी आणि वैद्यकीय कागद. मग समकालीन पत्रे. सर्वांत शेवटी त्याची स्वतःची पुस्तके, जी घटनेनंतर दहा ते तीस वर्षांनी लिहिली गेली. अस्सल कागद आणि बखर यांतला भेद मराठी इतिहासलेखकाला शिकवावा लागत नाही. इथे मात्र एक गंमत आहे: बखरकार आणि अस्सल कागद लिहिणारा एकच माणूस आहे. त्यामुळे बखरीत काय गाळले हे आपल्याला नेमके मोजता येते.

पहिला कागद १९ मार्च १९१६ चा. आदल्या दिवशी, १८ मार्चला, फ्रिकूरजवळच्या आघाडीवर डेव्हिड थॉमस हा त्याचा सहकारी अधिकारी मारला गेला. ससूनचे त्याच्यावर प्रेम होते. ते एकतर्फी होते आणि बहुधा अव्यक्त, असे दैनंदिनीच्या सुरावरून दिसते, हे अनुमान. निश्चित आहे ते एवढे की तो घोडा घेऊन रानात गेला, रडला आणि बीचच्या बुंध्यावर त्याने खडूने थॉमसचे नाव लिहिले. पुढे एप्रिलच्या सुरुवातीला त्याच वहीत वेगळी नोंद येते. या युद्धात आपण कोणाला मारू शकणार नाही असे पूर्वी वाटत असे, पण थॉमस गेल्यापासून मारावेसे वाटते, असा तिचा आशय. रात्री काटेरी तारांपलीकडे जाऊन जर्मनांवर बॉम्ब टाकणारा ‘मॅड जॅक’ ससून याच आठवड्यांत तयार झाला. मे महिन्याच्या अखेरीस मॅमेत्झजवळच्या धाडीत जखमींना गोळीबाराखालून उचलून आणल्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला.

हा क्रम लक्षात ठेवायला हवा. ससूनचा नैतिक झगडा तत्त्वापासून सुरू झाला असे समजण्याची सवय आहे, कारण त्याचे निवेदन तत्त्वाच्या भाषेत आहे. कागद उलटे सांगतात. आधी जिव्हाळा, मग सूड, आणि सुडातून मिळालेले पदक.

एप्रिल १९१७ मध्ये खांद्यात गोळी लागून तो इंग्लंडला परतला. दैनंदिनीत जूनच्या मध्यावर निवेदनाचा मसुदा आहे. बर्ट्रंड रसेल आणि जॉन मिडलटन मरी यांचा त्यात हात होता. बचावासाठी सुरू झालेले युद्ध आता आक्रमणाचे आणि विजयाचे झाले आहे, आणि ज्यांच्या हातात ते थांबवणे आहे तेच ते लांबवत आहेत, हे त्याचे म्हणणे. रजा संपल्यावर हजर व्हायला त्याने नकार दिला. कोर्ट मार्शल व्हावे, खटला गाजावा, हा हेतू उघड होता.

तसे झाले नाही, आणि याला कारण त्याचा जवळचा मित्र व पलटणीतला सोबती रॉबर्ट ग्रेव्हज. इथे दोन साक्षी आहेत, दोन्ही उत्तरकालीन: ग्रेव्हजचे ‘गुड-बाय टू ऑल दॅट’ (१९२९) आणि ससूनचे १९३० चे पुस्तक, ज्यात ग्रेव्हज ‘डेव्हिड क्रॉमलेक’ या नावाने येतो. दोन्हींचा गाभा जुळतो. ग्रेव्हजने त्याला सांगितले की लष्कर खटला भरणार नाही, युद्ध संपेपर्यंत वेड्यांच्या इस्पितळात कोंडून ठेवेल. काल्पनिक बायबलवर हात ठेवून त्याने शपथ घेतली. ससूनने हार मानली आणि २० जुलैला तो वैद्यकीय मंडळासमोर उभा राहिला. मंडळापुढे ग्रेव्हजने साक्ष दिली. बोलताना तीनदा रडू कोसळले असे तो स्वतःच लिहितो. कोंडून ठेवण्याची गोष्ट त्याने रचलेली होती. एका माणसाने मित्राचा जीव वाचवण्यासाठी त्याच्या सदसद्विवेकाला फसवले. ससूनने पुस्तकात हे खोटे यशस्वी झाले अशी नोंद केली आहे, आणि उलट परिस्थितीत आपणही हेच केले असते असेही म्हटले आहे. वाचताना क्षमा केल्यासारखे वाटते. ते तसे होते का, हे पुढच्या एका कागदावरून कळेल.

३० जुलैला हाउस ऑफ कॉमन्समध्ये हेस्टिंग्ज लीस-स्मिथ यांनी निवेदन वाचून दाखवले. सरकारचे उत्तर तयार होते: अधिकाऱ्याची तब्येत बरी नाही. त्याच्या आधी आठवडाभर, २३ जुलैला, ससून एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट युद्ध-रुग्णालयात दाखल झाला होता. त्याला पोचवायला नेमलेल्या ग्रेव्हजची गाडी चुकली, आणि तथाकथित मनोरुग्ण एकटाच, सांगितलेल्या ठिकाणी, शिस्तीत हजर झाला.

तिथे त्याला डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स भेटले. हेच ते रिव्हर्स, ज्यांनी शतकाच्या सुरुवातीला निलगिरीत राहून तोडा लोकांवर ग्रंथ लिहिला. त्यांनी लिहिलेली ससूनची प्रकरण-नोंद उपलब्ध आहे. मज्जासंस्थेच्या विकाराचे कोणतेही शारीरिक लक्षण नाही, बोलणे सुसंगत आणि तर्कशुद्ध, मते नेहमीच्या शांततावाद्यांपेक्षा वेगळी, कारण लवकर निकाल लागण्याची शक्यता दिसली तर युद्धाला याचा विरोध राहणार नाही. म्हणजे डॉक्टरने कागदावर लिहून ठेवले की हा आजारी नाही, आणि तरी त्याला ‘बरे’ करण्याचे काम स्वीकारले.

याच रिव्हर्स यांचा दुसरा कागद फारसा वाचला जात नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १९२३ साली ‘कॉन्फ्लिक्ट अँड ड्रीम’ हे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी स्वतःला पडलेले एक स्वप्न उलगडले आहे, आणि त्या संदर्भात ‘बी’ नावाचा रुग्ण येतो. तपशील ससूनशी इतके जुळतात की बी म्हणजे ससून हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. स्वप्नाचा अर्थ लावताना रिव्हर्स एक पेच मांडतात: रुग्णाला शांततावादापासून वळवणे हे माझे काम, पण ते करता करता त्यानेच मला वळवले तर? अंगावर लष्करी गणवेश असल्यामुळे या चर्चेत आपण मोकळे नव्हतो, हेही ते कबूल करतात. दोघांच्या नात्याबद्दल इतका प्रामाणिक कागद दुसरा नाही. ससूनला जिथे खरा संवाद मिळाला तिथे समोरचा माणूसही त्याच झगड्यात अडकलेला होता.

क्रेगलॉकहार्टमध्ये लिहिलेल्या आणि १९१८ च्या ‘काउंटर-अटॅक’ संग्रहात आलेल्या कवितांत मागे सोडलेले सैनिक रात्री येतात आणि जाब विचारतात. २६ नोव्हेंबर १९१७ ला मंडळाने त्याला सेवेस पात्र ठरवले. युद्धाबद्दलचे मत त्याने बदलले नव्हते. आपली माणसे तिथे मरत असताना सुरक्षित राहणे त्याला असह्य झाले होते. आयर्लंड, पॅलेस्टाइन, मग पुन्हा फ्रान्स. १३ जुलै १९१८ ला गस्तीवरून परतताना त्याच्याच तुकडीतल्या सार्जंटने शत्रू समजून गोळी झाडली आणि ती डोक्याला चाटून गेली.

लंडनच्या इस्पितळातून त्याच महिन्यात त्याने ग्रेव्हजला पद्यात एक पत्र लिहिले: तापलेले, तुटक, स्वतःची टिंगल करणारे. ते छापण्यासाठी नव्हते. नोव्हेंबर १९२९ मध्ये ग्रेव्हजने ‘गुड-बाय टू ऑल दॅट’मध्ये ते परवानगी न घेता छापले. शिवाय एका मित्राच्या घरचा प्रसंग दिला, नाव न घेता: लढाईत गेलेल्या मुलाशी बोलण्यासाठी आई रात्री प्रेतात्मविद्येचे प्रयोग करते. ते घर ससूनचे, ती आई थेरेसा, आणि तो मुलगा हेमो, १९१५ साली गॅलिपोलीच्या मोहिमेत मेलेला. ससूनने प्रकाशक जोनाथन केपकडे धाव घेतली. विक्रीला जाण्याच्या अगदी तोंडावर पाने बदलण्यात आली. म्हणून आज या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या दोन तऱ्हा आहेत: एकीत पद्यपत्र आहे, दुसरीत त्या जागी नुसत्या फुल्या.

राग तेवढ्यावर शमला नाही. एडमंड ब्लंडन या दुसऱ्या सैनिक-कवीने पुस्तकाच्या एका प्रतीच्या समासांत पानोपानी खोडून काढणारे शेरे लिहिले आणि ससूनने त्यांत भर घातली. ती प्रत न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बर्ग संग्रहात आहे. १९३० च्या सुरुवातीला ससून आणि ग्रेव्हज यांच्यात झालेली कडवट पत्रापत्रीही छापून आलेली आहे. क्रम पाहा: १९१७ ची फसवणूक माफ केल्याचे पुस्तक आणि ही पत्रे एकाच वर्षातली. पुस्तकातल्या क्षमेला मी पूर्ण किंमत देत नाही ती यामुळे. अर्थात भांडणाची उघड कारणे पद्यपत्र आणि आई हीच होती. १९१७ चा सल त्यांखाली होता असे मी मानतो, पण तो कोणत्याही पत्रातून निर्विवादपणे काढून दाखवता येणार नाही.

आता त्या बखरीत काय गाळले ते पाहू. जॉर्ज शर्स्टनला आईवडील नाहीत. मावशीने वाढवलेला पोरका मुलगा आहे तो. त्याला भाऊ नाही, म्हणजे हेमोही नाही. तो कवी नाही. थॉमस तिथे ‘डिक टिल्टवुड’ होऊन येतो, आणि त्याच्यावरचे प्रेम सभ्य मैत्रीच्या मापात बसवले जाते. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले शरीरसंबंध तेव्हा गुन्हा होते, हे याचे एक ठोस कारण. पण आई आणि भाऊ गाळायला कायद्याची भीती नव्हती. जवळच्या नात्यांतले जवळपास सगळे काढून टाकल्यावरच त्याला युद्ध सांगता आले. महत्त्वाच्या पात्रांपैकी खऱ्या नावाने उरतात ते एकटे रिव्हर्स.

रिव्हर्स ४ जून १९२२ ला अचानक वारले. १९२० ते १९२५ या वर्षांच्या दैनंदिन्या रूपर्ट हार्ट-डेव्हिस यांनी संपादित करून छापल्या आहेत. त्यांत एकामागून एक प्रेमप्रकरणे येतात. सर्वांत दीर्घ आणि सर्वांत दुखरे प्रकरण, स्टीफन टेनंटचे, १९२७ नंतरचे. टेनंटचा जन्म १९०६ चा. तो युद्धात लढलेला नव्हता. क्षयाने आणि नंतर मनाने खचलेल्या टेनंटची ससूनने शुश्रूषा केली. पुढे टेनंटने भेट नाकारली, आणि १९३३ साली ससूनला शेवटचा निरोप आला तो टेनंटच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या पत्रातून. रुग्णाच्या खाटेशेजारी बसणारा माणूस होण्याची ओढ रिव्हर्सकडून आली, असे म्हणण्याचा मोह होतो. कागद तिथवर नेत नाही, म्हणून मोह सोडतो.

त्याच वर्षी १८ डिसेंबरला त्याने हेस्टर गॅटीशी लग्न केले. तो सत्तेचाळीस वर्षांचा, ती सुमारे वीस वर्षांनी लहान. पाहुण्यांत टी. ई. लॉरेन्स होता. विल्टशरमधल्या हेट्सबरी हाउस या मोठ्या घरात संसार सुरू झाला. चरित्रकारांनी वापरलेल्या दैनंदिन्यांत सुरुवातीचे दिवस आनंदाने ओसंडतात. मग सूर पालटतो: हेस्टरला सहवास हवा, याला एकांत, रात्री उशिरापर्यंत तो लिहीत बसे.

काय लिहीत होता हे प्रकाशनाच्या तारखांवरून ठरवता येते. शर्स्टनचा तिसरा भाग, ‘शर्स्टन्स प्रोग्रेस’, १९३६ साली निघाला. त्याच्या पहिल्या प्रकरणाचे नावच ‘रिव्हर्स’. पुस्तक संपते ते १९१८ च्या इस्पितळातल्या खोलीत: सैरभैर झालेल्या शर्स्टनपाशी रिव्हर्स येतात, काही न बोलता बसतात आणि सगळे ताळ्यावर येते. जॉर्ज जन्मला ३० ऑक्टोबर १९३६ ला. संसाराच्या पहिल्या तीन वर्षांत ससूनच्या कित्येक रात्री क्रेगलॉकहार्टमध्ये गेल्या. तारखांचा हिशेब तरी असे सांगतो. त्याचा परिणाम घरावर किती झाला, हे मात्र अनुमानच.

इथे दुसऱ्या बाजूचे पुरावे वजनात धरायलाच हवेत. ससूनचा ओढा पुरुषांकडे होता. वयातले अंतर मोठे होते. एकांताची हौस युद्धापूर्वीपासूनची होती. टेनंटची जखम ताजी असताना केलेले हे लग्न. यांतले एकेक कारण संसार मोडायला पुरेसे आहे, आणि ‘युद्धाने लग्न मोडले’ हे विधान मी करणार नाही. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवावरून जोनाथन शे यांनी १९९४ साली नैतिक जखमेची कल्पना मांडली. ती १९१७ च्या माणसावर निदान म्हणून डकवणे म्हणजे आजच्या मोजपट्टीने जुनी जमीन मोजणे. कागद जेवढे देतात तेवढे हे: ज्यांच्याशी त्याचा झगडा सामायिक होता, त्यांच्याशी त्याचे नाते सर्वांत गाढ राहिले, मग ते थॉमससारखे मेलेले असोत, रिव्हर्ससारखे असोत की ग्रेव्हजसारखे वैरी झालेले. ज्यांच्याशी तो झगडा सामायिक नव्हता, त्या टेनंट आणि हेस्टर यांना त्या वर्तुळात जागा झाली असे कुठे दिसत नाही.

यानंतर त्याने शर्स्टनचा मुखवटा काढला आणि स्वतःच्या नावाने आत्मचरित्र लिहिले. ‘द ओल्ड सेंचुरी’ १९३८, ‘द वील्ड ऑफ यूथ’ १९४२, ‘सीगफ्रीड्स जर्नी’ १९४५. म्हणजे तीच वर्षे तिसऱ्यांदा: आधी दैनंदिनी आणि कविता, मग शर्स्टन, मग हे. आता आई परत आली, कविता परत आल्या. पण तिसरा खंड १९२० साली थांबतो, आणि त्यापुढचा खंड त्याने प्रसिद्धच केला नाही. तिसरा खंड बाजारात आला त्याच सुमारास, दुसरे महायुद्ध संपताना, हेस्टर आणि तो वेगळे झाले. ती पुढे मल बेटावर गेली आणि १९७३ साली तिथेच वारली. तो हेट्सबरीतच राहिला, १९५७ साली कॅथलिक झाला आणि १ सप्टेंबर १९६७ ला मरण पावला.

मल बेटावर पदक केव्हा, कोणी नेले याचा कागद नाही. विभक्त होताना हेस्टरच्या सामानात गेले असेल, किंवा वडिलांच्या मृत्यूनंतर जॉर्जने नेले असेल. दुसरी शक्यता मला जास्त पटते, कारण हेट्सबरीचे घर वारशाने जॉर्जकडेच आले होते.

राहिली हेस्टरची साक्ष. तिचे जे चित्र चरित्रांत उमटले आहे त्याचा मोठा भाग ससूनच्या दैनंदिन्यांवर उभा आहे: तिचा हट्ट, तिचे सतत जवळ असणे, त्याचे वैतागणे. या नोंदी अस्सल आहेत, त्या त्या दिवशी लिहिलेल्या. त्यांवरून ससूनला काय वाटत होते हे सिद्ध होते. हेस्टर कशी होती हे सिद्ध करायला त्या पुरत नाहीत, कारण वादातल्या एकाच पक्षाने दप्तर राखले आहे.